उपग्रहाला वायू दिसत नाही, मग तो मोजतो कोण?

२०२० साली टाळेबंदी लागली तेव्हा एक नकाशा सगळीकडे फिरला. आधी वुहानच्या आसपासचा, मग उत्तर इटलीचा. एका बाजूला आधीचे लालभडक डाग, दुसऱ्या बाजूला तेच डाग फिके पडलेले, खाली लिहिलेलं: नायट्रोजन डायऑक्साइड. असा नकाशा पाहिला की वाटतं, वर ८०० किलोमीटरवर एखादं यंत्र हवा हुंगतं आणि आकडा खाली पाठवतं. पण तेवढ्या उंचीवर हुंगायला हवाच जवळजवळ नसते. तिथे पोचतो फक्त प्रकाश. त्या प्रकाशातून वायूचा आकडा काढतात माणसं, आणि त्यातल्या काहींचं उभं आयुष्य एका वायूचा आकडा काढण्यात जातं.

सूर्याचा प्रकाश वातावरणातून खाली येतो, जमिनीवर किंवा ढगावर आपटतो आणि पुन्हा वर निघतो. या जाण्यायेण्यात प्रत्येक वायू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश थोडाथोडा गिळतो. ओझोनला अतिनील किरण लागतात, नायट्रोजन डायऑक्साइडला निळा प्रकाश, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडला डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. कुठल्या तरंगलांबीला किती गिळलं याचा नमुना प्रत्येक रेणूचा वेगळा असतो. तो आधी प्रयोगशाळेत, काचेच्या नळीत शुद्ध वायू भरून, वेगवेगळ्या तापमानांना मोजून ठेवलेला असतो. उपग्रहावरचा वर्णपटमापक आलेला प्रकाश शेकडो बारीक रंगांत फोडतो, आणि खाली बसलेला माणूस त्या फोडलेल्या प्रकाशात ओळखीचा नमुना शोधतो.

इथपर्यंत सोपं आहे. अडचण अशी की हा नमुना फार पुसट असतो. प्रदूषित शहरावरचा नायट्रोजन डायऑक्साइडसुद्धा हजार भागांतले जेमतेम काही भाग प्रकाश गिळतो. सूर्याच्या प्रकाशात मुळातच शेकडो काळ्या रेषा असतात. जर्मन शास्त्रज्ञ फ्राउनहोफर यांनी १८१४ मध्येच त्यांची नोंद केली होती. या रेषा आपल्या वायूच्या खुणेपेक्षा कितीतरी ठळक. म्हणून उपग्रह अधूनमधून थेट सूर्याकडे पाहून त्याचा कोरा वर्णपट टिपतो, आणि पृथ्वीवरून आलेल्या प्रकाशाला त्याने भागलं जातं. सूर्याच्या खुणा बऱ्याचशा कटतात, हवेच्या उरतात.

मग दुसरा प्रश्न. प्रकाश हवेतून नेमका किती अंतर चालून आला? सूर्य माथ्यावर असेल तर वाट आखूड, क्षितिजाजवळ असेल तर लांब. खाली बर्फ असेल तर बराच प्रकाश परत येतो, जंगल असेल तर थोडा. मध्ये ढग असेल तर त्याच्याखालचं काहीच दिसत नाही. ढग किती उंचीवर आहे हे शोधायची युक्ती मला फार आवडते: ऑक्सिजन मोजायचा. हवेत तो किती असतो हे पक्कं माहीत आहे. तेव्हा प्रकाशाने अपेक्षेपेक्षा कमी ऑक्सिजन पाहिलेला दिसला, तर तो वाटेतूनच, ढगावरून, माघारी फिरला असणार. म्हणजे ज्या वायूत कुणालाच रस नाही, तोच इथे मोजपट्टी होतो.

एवढं करूनही उत्तर एकच निघत नाही. दोन संख्यांची बेरीज ७ आहे, संख्या ओळखा, असं कुणी विचारलं तर काय सांगाल? ५ आणि २, १ आणि ६, काहीही. पण पहिली संख्या साधारण ५ च्या आसपास असते हे आधीपासून ठाऊक असेल तर उत्तर सुचतं. उपग्रहाचं गणित याच जातीचं. डोक्यावरच्या हवेच्या सगळ्या थरांतून मिळून किती प्रकाश गिळला गेला ते कळतं; जमिनीलगत किती आणि दहा किलोमीटरवर किती हे तेवढ्यावरून सुटत नाही. म्हणून संगणकातल्या वातावरणाच्या प्रतिकृतीकडून आधी एक अंदाज घेतात आणि मोजमापाच्या जोरावर तो दुरुस्त करतात. ऑक्सफर्डच्या क्लाइव्ह रॉजर्स यांनी या पद्धतीला शिस्त लावली. उत्तरात मोजमापाचा वाटा किती आणि आधीच्या अंदाजाचा किती, हेही आकड्यात सांगता येतं, आणि जबाबदार शास्त्रज्ञ ते सांगतोच. रंगीत नकाशात मात्र ते कधी दिसत नाही. नकाशा पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं की त्या लाल रंगात थोडी अपेक्षाही मिसळलेली आहे.

बिघाड की बातमी?

या व्यवसायाचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर ओझोनच्या विवराची गोष्ट नीट ऐकावी. ती बहुतेक वेळा चुकीची सांगितली जाते.

ओझोन डॉब्सन एककात मोजतात. गॉर्डन डॉब्सन यांनी १९२० च्या दशकात जमिनीवरून सूर्याकडे रोखून ओझोन मोजायचं यंत्र बनवलं, त्यांच्या नावाचं हे एकक. एखाद्या ठिकाणच्या डोक्यावरचा सगळा ओझोन खाली आणून, जमिनीवरच्या दाबाला आणि शून्य अंश सेल्सिअसला पसरला, तर साधारण ३ मिलिमीटर जाडीचा थर होईल. ते झाले ३०० डॉब्सन. अतिनील किरणांपासून आपल्याला वाचवणारं पांघरूण ते एवढंच.

अंटार्क्टिकावरच्या हॅली बे इथल्या ब्रिटिश तळावर १९५० च्या दशकापासून हे यंत्र चालू होतं. १९८० च्या आसपास ऑक्टोबरचे आकडे घसरायला लागले आणि पुढे २०० च्याही खाली गेले. हे आकडे सांभाळणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ जोसेफ फार्मन यांनी आधी संशय घेतला तो यंत्रावर, कारण ते जुनं झालं होतं. दुसरं यंत्र पाठवलं, तेही तेच सांगू लागलं. आणखी एक गोष्ट त्यांना अडवत होती. नासाचा निंबस ७ हा उपग्रह १९७८ पासून टॉम्स नावाच्या यंत्राने रोज जवळजवळ सगळ्या पृथ्वीवरचा ओझोन मोजत होता. एवढी मोठी घट खरी असती तर त्यांना दिसलीच असती, नाही का?

त्यांना ती दिसत होती. फक्त १८० डॉब्सनपेक्षा कमी आकडा आला की सॉफ्टवेअर त्याच्यापुढे 'शंकास्पद' अशी खूण करत होतं, कारण एवढा कमी ओझोन कुणी कधी पाहिलाच नव्हता. संगणकाने ते आकडे फेकून दिले, ही लोकप्रिय दंतकथा. आकडे जपून ठेवलेले होते. १९८४ मध्ये नासाचे पवन भारतीया आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की ऑक्टोबर १९८३ च्या माहितीत या खुणांचा अंटार्क्टिकावर ढीग पडला आहे. यंत्र बिघडलं असेल का, हे पाहायला त्यांनी दक्षिण ध्रुवावरच्या जमिनीवरच्या यंत्राचे आकडे मागवले. तिथे ३०० च्या आसपास! म्हणजे उपग्रहच खोटा ठरायची वेळ. पुढे कळलं की ध्रुवावरचाच आकडा चुकीचा होता. मे १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांचा निबंध 'नेचर'मध्ये आला तेव्हा उपग्रहवाल्यांचं टिपण एका परिषदेच्या वाटेवर होतं.

१८० ची मर्यादा घालणाऱ्यांना हसणं सोपं आहे. अशी मर्यादा आजही प्रत्येक उपग्रहाच्या माहितीवर असते, आणि ती हवीच. नाहीतर यंत्राचा प्रत्येक अडखळा नकाशावर बातमी होऊन येईल. पेच असा की खरोखरच नवं काही घडलं तर ते सुरुवातीला हुबेहूब बिघाडासारखं दिसतं. आकडा विचित्र आला की तो हवेचा की यंत्राचा, हे ठरवणं म्हणजेच ही नोकरी. बाकी सगळं त्याच्या भोवतीचं.

जमिनीवरच्या तळाने एका जागेची गोष्ट सांगितली होती. विवर अख्ख्या खंडाएवढं पसरलंय हे टॉम्सच्या नकाशांनी दाखवलं, आणि तेच चित्र जगाच्या डोळ्यांपुढे राहिलं. १६ सप्टेंबर १९८७ ला ओझोन नष्ट करणारी रसायनं कमी करण्याच्या माँट्रियल करारावर सह्या झाल्या. 'नेचर'मधला निबंध आणि हा करार यांच्या मधे, १९८६ च्या अंटार्क्टिक हिवाळ्याच्या शेवटी, सुझन सॉलोमन नावाची ३० वर्षांची शास्त्रज्ञ मॅकमर्डो तळावर मोहीम घेऊन गेली. त्यांच्या चमूने तिथल्या थंडीत चंद्राचा प्रकाश आरशाने वर्णपटमापकात सोडून क्लोरीन डायऑक्साइडची खूण शोधली. ती अपेक्षेच्या कितीतरी पट निघाली, आणि संशयाची सुई फ्रिज आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरीनयुक्त वायूंवर, क्लोरोफ्लुरोकार्बनवर, स्थिरावली. उपग्रह जे सूर्यप्रकाशाने करतो तेच हे काम, फक्त चंद्रप्रकाशाने आणि गारठलेल्या बोटांनी.

या कामात माणसं येतात कुठून

ठरलेला रस्ता नाही. पॉल क्रुट्झन पूल बांधणाऱ्या खात्यात अभियंता होते. १९५९ मध्ये स्टॉकहोम विद्यापीठाच्या हवामानशास्त्र विभागात प्रोग्रॅमर म्हणून लागले, तेव्हा त्यांना प्रोग्रॅमिंगचा अनुभव नव्हता. तिथे ओझोनच्या प्रश्नात अडकले, आणि १९९५ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांच्याबरोबर त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. असं सगळ्यांचं होत नाही हे सांगायला नको. पण भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, अभियांत्रिकी, यांतल्या कुठल्याही दारातून आत येता येतं हे आजही खरं आहे. आत आल्यावर जे सुटत नाही ते म्हणजे रेषीय बीजगणित, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग. पायथन तर लागतंच. जुन्या फोरट्रानमधल्या कोडशी गाठ पडली तर दचकू नये.

पीएचडीला साधारण एक वायू आणि एक यंत्र वाट्याला येतं. चार-पाच वर्षं माणूस, समजा, फॉर्मल्डिहाइडचा होऊन जातो. त्यानंतर दोन-तीन वर्षांच्या करारांवर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन, बहुतेक वेळा देश बदलून. कायमची जागा मिळेल की नाही याची धाकधूक या काळात सोबत असते, आणि चांगली डोकी इथेच गळतात. पुढे कामाच्या वाटा फुटतात. कुणी यंत्र घडवणाऱ्यांत जातो, कुणी प्रकाशातून आकडा काढायच्या गणितात, कुणी त्या आकड्यांवरून कुठल्या कारखान्यातून वा जंगलातून किती वायू निघाला याचा हिशेब लावतो.

आणि काही जण पडताळणी करतात. त्यांना मी झुकतं माप देईन. उपग्रह डोक्यावरून जाण्याच्या क्षणी जमिनीवरून सूर्याकडे पाहणारी यंत्रं, फुग्याला बांधून सोडलेले ओझोनमापक, विमानातली मोजमापं, यांच्याशी उपग्रहाचा आकडा ताडून पाहायचा. उपग्रह खाली आणून दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे तो कुठे आणि किती चुकतो हे कळण्याचा हाच मार्ग. या कामातून पहिल्या पानावरची बातमी क्वचितच निघते. पण ध्रुवावरचा तो एक चुकलेला आकडा आठवा.

चुका कशा असतात? युरोपियन, मुख्यतः डच-फिनिश बनावटीचं ओएमआय हे यंत्र २००४ मध्ये नासाच्या ऑरा उपग्रहावरून गेलं. २००७ पासून त्याच्या दृष्टीचा काही भाग झाकला जाऊ लागला, आणि पुढे हा झाकलेला भाग वाढत गेला. बाहेरच्या उष्णतारोधक आवरणाचा सुटलेला तुकडा आड येत असावा असा अंदाज. कुणी वर जाऊन तो बाजूला सारणार नव्हतं. मग झाकलेल्या ओळी ओळखायच्या, वगळायच्या, उरलेल्यांतून दीर्घकाळचा कल बिघडू द्यायचा नाही, हे वर्षानुवर्षांचं काम होऊन बसलं.

घड्याळ वेगळं, धीर वेगळा

जॉन बरोज आणि सहकाऱ्यांनी उपग्रहावरून वायू मोजणाऱ्या सायमाकी या यंत्राचा प्रस्ताव १९८८ मध्ये मांडला. ते अवकाशात गेलं २००२ मध्ये. ८ एप्रिल २०१२ ला ते ज्याच्यावर होतं त्या उपग्रहाशी संपर्क तुटला आणि एका दिवसात सगळं थांबलं. चौदा वर्षं वाट, दहा वर्षं माहिती. मधल्या काळात त्याच कल्पनेचं छोटं रूप, गोम, १९९५ मध्ये वर गेलं म्हणून बरं. गोमचा एकेक ठिपका, म्हणजे एका मोजमापात येणारा जमिनीचा तुकडा, ३२० किलोमीटर लांब आणि ४० किलोमीटर रुंद. एवढ्या जाड्या भिंगातूनही लोकांनी काय काय पाहिलं! आठवड्याच्या वारांनुसार नायट्रोजन डायऑक्साइड मांडला तर युरोप-अमेरिकेत रविवारी खळगा पडतो, इस्रायलमध्ये शनिवारी. माणसं सुट्टी कधी घेतात हे अवकाशातून वायूच्या आकड्यात दिसलं. श्रीलंकेच्या खालून इंडोनेशियाकडे जाणाऱ्या जहाजांच्या वाटेची पुसट रेषही त्यातच सापडली.

हे जमलं त्याला कारण वायूचा स्वभाव. नायट्रोजन डायऑक्साइड हवेत काही तासच टिकतो, त्यामुळे तो जिथे निघतो तिथेच दिसतो. कार्बन डायऑक्साइडचं उलटं. तो इतका टिकतो की सगळीकडे पसरून जवळजवळ सारखा होतो. दहा लाखांत ४२० च्या वर असलेल्या भागांत एखाद-दुसऱ्या भागाचा फरक टिपायचा, म्हणजे पाव टक्क्याच्या आसपासची अचूकता. ज्यांनी हा वायू निवडला त्यांनी जड ओझं उचललं.

त्यांच्या वाट्याला आलेली सर्वांत वाईट सकाळ म्हणजे २४ फेब्रुवारी २००९. नासाचा ओसीओ हा कार्बन डायऑक्साइड मोजणारा उपग्रह उडाला. अग्निबाणाच्या टोकावरचं कवच सुटलं नाही, त्या वजनाने वेग कमी पडला, आणि उपग्रह अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात गेला. कित्येक वर्षांची मेहनत काही मिनिटांत बुडाली. कवचाच्या ॲल्युमिनियमच्या भागांच्या चाचण्यांचे दाखले खोटे होते, हे नासाच्या तपासात बऱ्याच वर्षांनी बाहेर आलं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं. जपानचा गोसॅट हा त्याच कामाचा उपग्रह महिन्याभरापूर्वीच वर गेला होता. त्या चमूने ओसीओच्या लोकांना आपल्या माहितीवर काम करायला बोलावलं. स्वतःच्या उपग्रहासाठी रचलेलं गणित त्यांनी दुसऱ्याच्या मोजमापांवर चालवलं, त्यातल्या चुका काढल्या, आणि २ जुलै २०१४ ला ओसीओ-२ उडाला तेव्हा ते गणित तावूनसुलाखून निघालेलं होतं.

आता ठिपके बारीक झाले आहेत. २०१७ पासून फिरणाऱ्या ट्रोपोमी या यंत्राचा ठिपका साधारण साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरचा आहे, त्यात एकेका वीजकेंद्राचा धूर वेगळा दिसतो. पण ते यंत्र एखाद्या ठिकाणावरून दिवसातून साधारण एकदा, दुपारी दीडच्या सुमाराला जातं. सकाळच्या गर्दीची वेळ त्याला कधी दिसत नाही. ती उणीव भरायला भूस्थिर कक्षेतल्या, म्हणजे पृथ्वीबरोबरच फिरून एकाच जागेवर थांबल्यासारख्या दिसणाऱ्या, उपग्रहांवरची यंत्रं आली: कोरियाचं जेम्स २०२० मध्ये, अमेरिकेचं टेम्पो २०२३ मध्ये, युरोपचं सेंटिनेल-४ २०२५ मध्ये. ती आपापल्या खंडाकडे दिवसभर टक लावून, तासातासाला मोजतात. यातली बरीचशी माहिती कुणालाही फुकट उतरवून घेता येते, त्यामुळे उपग्रहाच्या चमूत नसलेला विद्यार्थीही लॅपटॉपवर खरं संशोधन करू शकतो. आधीच्या पिढीला हे सुख नव्हतं.

उलट ओझोनच्या विवराचं पाहा. ते भरून १९८० च्या पातळीला यायला अंदाजे २०६६ उजाडेल, असं २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात म्हटलं आहे. आज पदवी घेणाऱ्याने या विषयात पाऊल टाकलं, तर त्याची निवृत्ती आणि विवराचा शेवट साधारण एकाच सुमाराला येतील. तोवर मोजत राहावं लागणार, आणि एका उपग्रहाचे आकडे पुढच्याच्या आकड्यांशी जुळवत राहावं लागणार.

१५ जानेवारी २०२२ ला पॅसिफिक महासागरातला हुंगा टोंगा ज्वालामुखी समुद्राखालून फुटला. ऑरावर ओएमआयच्या शेजारी आणखी एक यंत्र होतं. त्याला सूर्यप्रकाश लागत नव्हता. हवा स्वतःच ज्या सूक्ष्मलहरी सोडते त्या ते रात्रंदिवस टिपत होतं. स्फोटानंतर त्याने स्थितांबरात, म्हणजे नेहमीच्या ढगांच्या वरच्या हवेच्या थरात, पाण्याच्या वाफेचे असे काही आकडे पाठवले की नेहमीच्या तपासणीच्या चाळणीतून त्यातले बरेचसे सुटेनात. पुन्हा तोच प्रश्न: हवेत काही झालंय की यंत्राला? या वेळी स्फोटाच्या लोटातली मोजमापं वेगळी काढून तपासली गेली. आकडे खरे होते. सुमारे १४.६ कोटी टन पाणी एका स्फोटात वर गेलं होतं, म्हणजे स्थितांबरात एरवी जेवढी वाफ असते तिच्या जवळपास १० टक्के. ऑरा सोडला तेव्हा त्याचं आयुष्य ५ वर्षं धरलं होतं. त्या दिवशी त्याला वर जाऊन १७ वर्षं उलटून गेली होती.